कोंडलेल्या मंत्रीणबाई

मंत्रीणबाईंच्या अंगरक्षकाचे नाक फुटले, तेव्हाच खरे तर झेर्वे नोवित्स्कीने ओळखायला हवे होते, की या वेळचे कोंडणे आधीच्यासारखे नाही.

ओब्रेसीच्या ओतशाळेत साहेब लोकांना कोंडणे नवे नव्हते. झेर्वेने कामगारांचा प्रतिनिधी म्हणून स्वतः दोनदा ते केले होते. एकदा कारखान्याच्या मालकाला, एकदा पॅरिसहून माणसे कमी करायला आलेल्या एका गुळगुळीत गृहस्थाला. त्याची एक रीत होती. दाराशी भरवशाची माणसे उभी करायची, साहेबाला त्याच्याच खुर्चीत बसवायचे, जेवण वेळेवर द्यायचे, घरी फोन करू द्यायचा, झोपायला गादी द्यायची. शिव्या चालतील, हात नाही. दुसऱ्या दिवशी साहेब दाढीचे खुंट वाढलेल्या तोंडाने सही करतो, जिना उतरतो आणि प्रकरण मिटते. मालकाने तर जाताना झेर्वेशी हातसुद्धा मिळवला होता.

या वेळी मार्सियालने आधी हात उचलला आणि मग दार लावले.

मार्सियाल देल्व्हो हा झेर्वेच्या बायकोचा धाकटा भाऊ. भट्टीवर काम करून त्याच्या भुवया कायमच्या जळून गेल्या होत्या, त्यामुळे तो हसला तरी चेहरा रागावलेलाच दिसे. अंगरक्षक बाईंच्या खांद्याला धरून त्यांना गाडीकडे नेऊ लागला, तसे मार्सियालने डोक्यावरचे हेल्मेट काढले आणि त्याच्या तोंडावर आडवे हाणले. ओला लाकडी ढलपा मोडावा तसा आवाज झाला. माणूस गुडघ्यावर आला, तरी मागच्यांनी लाथा घालणे थांबवले नाही. शेवटी झेर्वे त्याच्या अंगावर पालथा पडला, तेव्हा दोन लाथा त्यालाही बसल्या. अंगरक्षकाला स्ट्रेचरवर घालून फाटकाबाहेर पाठवले, आणि बाईंना मालकाच्या खोलीत कोंडले. मालक मागच्या भिंतीवरून केव्हाच पळाला होता.

सगळे घडले ते एका सहीवरून. ओतशाळेत रेल्वेची चाके होत. कारखाना बंद पडणार होता, तेवढ्यात एक स्पॅनिश माणूस तो विकत घ्यायला तयार झाला. पण फ्रान्स सरकार हमी देईल तरच. राज्यमंत्री एलियान मोर्व्हां यांनी गेल्या महिन्यात ओब्रेसीला येऊन शब्द दिला होता, की मी स्वतः कागद घेऊन येईन आणि तुमच्यासमोर सही करीन. आणि बाई यायच्या आदल्याच सकाळी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. पंतप्रधान गेले म्हणजे सगळेच सरकार गेले. तरीही बाई आल्या. हा त्यांचा प्रामाणिकपणा होता की मूर्खपणा, हे झेर्वेला ठरवता येत नव्हते. माल चढवायच्या फलाटावर उभ्या राहून त्यांनी समोरच्या काळ्या गर्दीला सांगितले, "आम्ही आता काळजीवाहू आहोत. रोजचं काम तेवढं करायचं. हमी देणं हे रोजचं काम नाही. मी आज सही केली तर उद्या कोर्ट ती रद्द करील, आणि तुमचा स्पॅनिश माणूस पळून जाईल. नवं सरकार येईपर्यंत थांबा."

"मग आलात कशाला?" मार्सियाल ओरडला होता. "सॉसेज खायला?"

लोक हसले. त्या हसण्यानंतर लगेच अंगरक्षकाने बाईंच्या खांद्याला हात घातला होता.

आता दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. फाटकाशी टायर जळत होते. पलीकडे दंगलविरोधी पोलिसांच्या ढाली एकीला एक लावून उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागून प्रांताधिकारी भोंग्यातून बोलत होता. तो काय बोलतो ते कोणाला ऐकू येत नव्हते, कारण तो तोंड उघडी तेव्हा पोरे पत्र्यांवर हातोडे बडवत. भट्टीवाल्यांनी ओतकामातून उरलेल्या लोखंडाच्या कांड्या गोफणीतल्या दगडांसारख्या फेकायला सुरुवात केली होती. एकीने सकाळी एका पोलिसाचा गुडघा फोडला होता. त्याला ओढत नेताना त्याचा बूट रस्त्यावरच राहिला, आणि त्या बुटावर नेम धरून कांड्या मारण्याचा खेळ तासभर चालला. उत्तरादाखल अश्रुधूर आला. पण पोलीस आत शिरत नव्हते, कारण आत मंत्री होती.

"हीच आपली तटबंदी," मार्सियाल म्हणाला. "क्रेनवर उभी करू तिला. टीव्हीवाल्यांना नीट दिसेल."

"क्रेनवर कोणी चढणार नाही."

"भाऊजी, तुम्ही तिच्या बाजूचे की आमच्या?"

"मी रीतीच्या बाजूचा. माणसाला कोंडलं म्हणजे त्याची जबाबदारी आपल्यावर आली."

"रीत! त्या स्पॅनिश माणसाला सांगा तुमची रीत." मार्सियालने थुंकी टाकली. "भट्टी थंड झाली ना, की मग ती पुन्हा पेटत नाही. आतलं लोखंड थिजतं. मग फोडूनच काढावी लागते. तुम्ही साच्यांच्या शेडमधले, तुम्हाला काय कळणार."

झेर्वे जिना चढला.

मालकाच्या खोलीत बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. कालच्या झटापटीत त्यांचा एक बूट हरवला होता, म्हणून कँटीनवाल्या रोलांदने त्यांना आपल्या रबरी सपाता दिल्या होत्या. उंची निळ्या कोटाखाली त्या पिवळ्या सपाता पाहून झेर्वेला उगीचच लाज वाटली. रोलांद सुपाचे भांडे घेऊन उभी होती.

"खा हो बाई. विष नाही घातलेलं. घालायचं असतं तर कालच्या कॉफीत घातलं असतं, ती तशीही विषासारखीच असते."

"खाते," बाई म्हणाल्या आणि चमचा उचलला. मग तो तसाच खाली ठेवला. "नोवित्स्की, खाली काय ठरतंय?"

"तुम्हाला क्रेनवर चढवायचं म्हणतायत काही जण."

"आणि तुम्ही?"

"मी नको म्हटलं."

"तुमचं ऐकतात?"

"कालपर्यंत ऐकत होते."

तेव्हाच फोन वाजला. कोंडलेल्या माणसाचा फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावायचा, हीही रीतच होती. बाईंनी तो टेबलावर ठेवला.

पलीकडचा आवाज तरुण, नीट इस्त्री केलेला होता. "मादाम, मी नव्या पंतप्रधानांच्या वतीनं बोलतोय. तुम्ही यादीत आहात. या वेळी राज्यमंत्री नाही, पूर्ण मंत्री."

बाईंचा चेहरा हलला नाही. "मी आभारी आहे."

"अडचण एकच. ओलीस ठेवलेल्या व्यक्तीचं नाव राष्ट्राध्यक्ष वाचू देणार नाहीत. उद्या म्हणतील, कामगारांनी मंत्री नेमला. नावं आज संध्याकाळी वाचली जातील. त्याआधी तुम्ही बाहेर हव्यात. कशा, ते तुमचं तुम्ही पाहा. नाहीतर तुमच्या जागी दुसरं नाव तयार आहे."

"कळलं."

"शुभेच्छा, मादाम." फोन बंद झाला.

खिडकीच्या काचेवर बाहेरून काहीतरी आपटले आणि काचेला तडा गेला.

"आणि खातं कुठलं?" रोलांदने विचारले.

"ते विचारत नाहीत," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"विचारायचं नसतं. फोन येतो, तुम्ही आहात म्हणतात, आपण आभार मानायचे. खातं विचारलं, अट घातली, की पुढच्या मिनिटाला दुसऱ्याला फोन जातो. माझ्या डोळ्यांदेखत दोघांचं तसं झालंय."

"ऐका!" रोलांद म्हणाली. "मी कँटीनमध्ये लागले तेव्हा भांडी घासायची की भाजी चिरायची एवढं तरी विचारलं होतं हो."

बाई पहिल्यांदाच किंचित हसल्या. मग झेर्वेकडे वळल्या. "तीन वर्षं मी उद्योग खात्यात आहे. तिथली प्रत्येक फाइल मला तोंडपाठ आहे. दुसरं काय देणार मला? मी बाहेर गेले तर उद्या मी मंत्री असेन, आणि ती सही कोणतंही कोर्ट रद्द करू शकणार नाही. मी इथेच राहिले तर उद्या मी कोणीच नसेन. तुम्ही एका रिकाम्या बाईला धरून बसाल."

झेर्वे बाईंकडे पाहत राहिला. त्या खोटे बोलत असाव्यात असे त्याला कुठेच दिसले नाही. आणि फोन तर त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

तो खाली गेला आणि सगळ्यांना साच्यांच्या शेडमध्ये बोलावले. ओतशाळेत कुठलीही गोष्ट हात वर करून ठरे. संप, संप मागे घेणे, नाताळची मेजवानीसुद्धा. जे ठरेल ते झेर्वे पाळी, आपल्याला पटो न पटो. त्याने फोनची हकीकत सांगितली. बाहेर सोडले तर ती मंत्री होते, मंत्री झाली तर सही होते. त्याने ते दोनदा सांगितले, कारण पहिल्यांदा अश्रुधुराने त्याला खोकला आला.

"आणि बाहेर गेल्यावर फिरली तर?" कोणीतरी विचारले.

"शब्द दिलाय तिनं."

"मागच्या महिन्यातही दिला होता!"

मार्सियाल एका उलट्या पेटीवर चढला. "मित्रांनो, भाऊजींचं मन मऊ आहे. बाईमाणूस, पिवळ्या सपाता, सूप! मला सांगा, ती बाहेर गेली की ते ढालवाले काय करतील? आपल्याला फुलं देतील?" त्याने फाटकाकडे हात केला. "ती आत आहे म्हणून आपण उभे आहोत. नवं सरकार बसू दे. नवा मंत्री कोणी का असेना, त्यानं इथं यावं, सही करावी, आणि आपली बाई घेऊन जावी. मोबदल्यात."

"हात वर करा," झेर्वे म्हणाला. "सोडायचं म्हणणाऱ्यांनी."

शेडच्या कोपऱ्यांत मोजकेच हात वर झाले. उलट प्रश्नाला सगळी शेड वर आली, काळ्या पंजांचे जंगल उठल्यासारखी.

झेर्वेने मान डोलवली. मग तो पुन्हा जिना चढला. एवढ्या वर्षांत त्याने ठरलेली गोष्ट कधी मोडली नव्हती, आणि चढताना त्याला प्रत्येक पायरीला वाटत होते की आता आपण थांबू. तो थांबला नाही. मार्सियाल भट्टीविषयी जे बोलला होता, ते त्याच्या डोक्यातून जात नव्हते. भट्टी थंड झाली की संपले. आणि ती सही फक्त एकच माणूस करू शकत होता.

दाराशी उभ्या असलेल्या माणसांना त्याने खाली फाटकावर पाठवले. ते गेले, कारण सांगणारा झेर्वे होता. यानंतर ते आपले काही ऐकणार नाहीत, हे त्याला ठाऊक होते.

"चला," तो बाईंना म्हणाला. "काही बोलू नका. पळू नका."

"ठरलं?"

"चला म्हणतो ना."

रोलांदने बाईंच्या डोक्यावर आपला एप्रन टाकला. "परत याल तेव्हा सपाता घेऊन या," ती म्हणाली. "दुसरा जोड नाही माझ्याकडे."

ओतशाळेच्या मागच्या अंगाला एक छोटे लोखंडी दार होते आणि त्याच्यापुढे मालगाडीचा जुना रूळ. रुळाच्या टोकाला पोलिसांची दुसरी तुकडी उभी होती. तिथे जायचे तर साच्यांच्या शेडमधून जावे लागे. सगळे जण पुन्हा फाटकाकडे गेले होते, शेड रिकामी होती. दोघे काळ्या वाळूच्या ढिगाऱ्यांमधून चालत निम्म्यावर आले, आणि दाराशी मार्सियाल उभा दिसला. हातात भट्टी ढवळायची लांब लोखंडी सळई.

"कुठे निघाली वरात, भाऊजी?"

"बाजूला हो."

"हात वर केले होते ना सगळ्यांनी? मोजता येत नाही का तुम्हाला?"

"मार्सियाल, फोन मी स्वतः ऐकलाय. ती मंत्री होणार आहे. उद्याच्या उद्या सही होईल. तुझ्यासाठीच करतोय मी हे."

"माझ्यासाठी!" मार्सियाल पुढे आला. त्याने झेर्वेला बाजूला लोटून एप्रनसकट बाईंचे केस मुठीत धरले आणि त्यांना खाली ओढले. बाई किंचाळल्या नाहीत. त्यांच्या तोंडून फक्त दम कोंडल्याचा आवाज आला. "चल क्रेनवर. तिथून हो मंत्री."

साचे ठोकायचा लाकडी हातोडा झेर्वेच्या हाताला केव्हा लागला ते त्याला कळले नाही. त्याने तो मार्सियालच्या खांद्यावर मारला. केस सुटले. मार्सियालने वळून सळई फिरवली, आणि झेर्वेच्या बरगड्यांत काहीतरी कडकन मोडले. डोळ्यांपुढे पांढरे झाले. दुसरा वार डोक्यावर आला असता, पण तो खाली पडला होता म्हणून सळई वाळूत रुतली. झेर्वेने मूठभर काळी वाळू उचलली आणि मेहुण्याच्या उघड्या डोळ्यांत फेकली.

मार्सियाल ओरडला. त्याने दोन्ही हात डोळ्यांवर नेले. तेवढ्यात झेर्वे त्याच्यावर चढला. झेर्वेच्या लग्नात हा पोरगा त्याच्या खांद्यावर बसून नाचला होता. आता त्याने त्याचेच केस धरले आणि त्याचे तोंड साच्याच्या लोखंडी कडेवर आपटले. एकदा. ओठ फाटला. पुन्हा. दात मोडल्याचे त्याला मनगटातून कळले. मार्सियालने त्याच्या हाताचा चावा घेतला आणि सोडला नाही, मांसात दात रुतवून लोंबकळला, तेव्हा झेर्वेने कोपराने त्याच्या कानशिलावर इतके वार केले की शेवटी जबडा सैल पडला.

"पुरे!" बाई ओरडल्या. "मरेल तो! पुरे!"

झेर्वे उठला. श्वास घेताना बरगडी आत टोचत होती. मार्सियाल वाळूत कुशीवर पडून खोकत होता, आणि दर खोकल्याबरोबर तोंडातून लाल बुडबुडे येत होते.

झेर्वेने दाराची कडी काढली. बाईंनी त्याच्याकडे पाहिले. केस विस्कटलेले, गालावर काजळी.

"माझा शब्द आहे, नोवित्स्की. पहिली सही तुमची."

"जा."

त्या हात वर करून रुळावरून चालत गेल्या. ढालींमध्ये एक फट पडली, त्यांना आत घेतले, आणि फट मिटली.

मार्सियाल म्हणाला होता तसेच झाले. त्याला फार वेळही लागला नाही. बाई सुखरूप असल्याचा निरोप पुढच्या फाटकाशी पोहोचला असावा, तशी ढालींची भिंत हलली. जळत्या टायरांवर पाण्याचा फवारा पडला आणि पांढऱ्या वाफेतून हेल्मेटवाले धावत आत आले. झेर्वे अंगणात पोहोचला तेव्हा पहिल्या रांगेतली माणसे जमिनीवर होती. एक म्हातारा ओतारी उठायचा प्रयत्न करत होता आणि दोन पोलीस आळीपाळीने त्याच्या पाठीवर दंडुके घालत होते, कणीस झोडावे तसे.

"मागचं दार कोणी उघडलं?" कोणीतरी ओरडले.

"झेर्वेनं! झेर्वेनं सोडली तिला!"

त्याने वळून पाहिले तेवढ्यात बोल्टचा एक जड नट येऊन त्याच्या कानावर बसला. तो पोलिसांकडून आला नव्हता. नंतर दुसरा आला. एका भट्टीवाल्याने त्याच्या तोंडावर थुंकून त्याला छातीवर लाथ घातली, मोडलेल्याच जागी, आणि झेर्वे भिंतीला टेकून खाली घसरला.

तेवढ्यात शेडमधून मार्सियाल बाहेर आला. तोंड रक्ताने माखलेले, एक डोळा पुरता मिटलेला, दुसऱ्यातून काळी वाळू आणि पाणी वाहत होते. तो समोरच्या गोंधळात हात पुढे करून, चाचपडत, पण धावतच शिरला. पोलिसांनी नळकांडी फेकायला सुरुवात केली होती. ओब्रेसीच्या पोरांना ती ओळखता येत. ज्याच्यातून फुसफुस धूर येतो ते उचलून परत फेकायचे. जे गप्प पडून राहते त्याच्यापासून पळायचे, कारण ते धूर सोडत नाही, फुटते. मार्सियालने आयुष्यात कितीतरी नळकांडी परत फेकली होती. या वेळी त्याच्या पायाशी दोन येऊन पडली. एक धूर सोडत होते, दुसरे नव्हते. तो वाकला.

"ते नको!" झेर्वे ओरडला. "मार्सियाल, ते नको, डावीकडचं घे!"

त्याला दिसत नव्हते. त्याने उजव्या हाताने गप्प असलेले उचलले आणि हात मागे नेला.

स्फोटाने अंगणातल्या खिडक्या थरारल्या. धूर विरला तेव्हा मार्सियाल उभाच होता, हात अजून फेकण्याच्या पवित्र्यात, फक्त मनगटापुढे काही नव्हते. तो त्या जागेकडे मिटल्या डोळ्यांनी पाहत असल्यासारखा उभा राहिला, आणि मग कोणीतरी खालून पाय ओढल्यासारखा खाली बसला.

झेर्वेने त्याला काखेत धरून कँटीनमध्ये ओढत नेले. रोलांदने दार लावून त्याला टेबल टेकवले. रक्त पिचकारीसारखे उडत होते. भिंतीवर, ताटांच्या थप्पीवर, काउंटरखालच्या पावांवर. झेर्वेने कमरेचा पट्टा काढला, मार्सियालच्या कोपराखाली गुंडाळला आणि दातांत टोक धरून आवळला. रक्ताची धार मंदावली, पण पट्ट्याला तिथे भोक नव्हते, बकल लागेना. सोडला की धार पुन्हा सुटे. म्हणून तो जमिनीवर बसून, मार्सियालचा दंड मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी पट्टा ओढून धरून राहिला.

"रुग्णवाहिका बोलावली," रोलांद फोन ठेवत म्हणाली. "पण फाटकातून सोडतील तेव्हा ना."

बाहेर दारावर धडका बसत होत्या. खुर्च्यांच्या आड आणखी दहाबारा जण येऊन बसले होते, कोणाचे डोके फुटलेले, कोणी डोळ्यांवर ओली फडकी धरलेली. आणि कोपऱ्यातला टीव्ही चालू होता, सकाळपासून तसाच.

"आवाज मोठा करा," कोणीतरी म्हणाले.

राष्ट्राध्यक्षांच्या महालाच्या पायऱ्यांवर काळ्या कोटातला एक माणूस येऊन उभा राहिला. त्याने चष्मा नीट केला आणि वाचायला सुरुवात केली. परराष्ट्र. न्याय. गृह. संरक्षण. प्रत्येक खात्यामागे तो श्वास घ्यायला थांबे, आणि त्या थांबण्यात दारावरची धडक ऐकू येई. कँटीनमधली माणसे त्या क्षणी दाराकडे पाहत नव्हती. ज्याने झेर्वेच्या छातीवर लाथ घातली होती, तो भट्टीवालासुद्धा टीव्हीखाली तोंड वर करून उभा होता.

"अर्थ आणि उद्योग," तो माणूस म्हणाला, आणि एका गृहस्थाचे नाव वाचले. ते नाव ओब्रेसीत कोणी ऐकलेले नव्हते.

पायऱ्यांवरचा माणूस वाचतच राहिला. शिक्षण, आरोग्य, शेती. यादी संपत आली तेव्हा त्याने पान उलटले. "समुद्र आणि मासेमारी मंत्री, मादाम एलियान मोर्व्हां."

खुर्च्यांमागे एक जण मोठ्याने हसला आणि हसता हसता त्याचे रडणे झाले. रोलांद काउंटरला धरून खाली बसली. विचारत नाहीत, बाई म्हणाल्या होत्या. ते झेर्वेच्या समोरच बोलणे झाले होते. रोलांदला सुचले ते त्याला सुचले नव्हते, आणि उत्तर मिळाल्यावरही तो त्यावर एक क्षण थांबला नव्हता. आता तीच बाई कुठल्यातरी बंदरावर वारा खात उभी राहील, आणि तिच्या सहीने जाळ्यांची भोके किती मोठी असावीत ते ठरेल.

मार्सियालने डोळे उघडायचा प्रयत्न केला. पापण्या वाळूने चिकटल्या होत्या.

"काय म्हणाला तो?" त्याने विचारले. मोडलेल्या दातांमुळे शब्द फुटत होते. "आलं का तिचं नाव?"

"आलं."

"मग झालं ना. उद्योग?"

खोटे सांगता आले असते. रुग्णवाहिका येईपर्यंत तरी. झेर्वेच्या ओठांवर ते आलेही होते. पण आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकले होते, आणि ते सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"समुद्र," तो म्हणाला. "मासेमारी."

मार्सियालने मान बाजूला वळवली. छाती वरखाली होत होती.

"मासे," तो म्हणाला.

"मला वाटलं होतं..."

"माझा हात सोड."

"सोडला तर मरशील."

"सोड म्हणतो ना! तुझा हात नको माझ्या अंगाला!" त्याच्या तोंडातून 'भाऊजी' आणि 'तुम्ही' दोन्ही गेले होते. मार्सियालने उरलेली मूठ वळली आणि झेर्वेच्या तोंडावर मारली. बसल्या जागेवरून मारलेली, तरी भट्टीवाल्याची मूठ होती. नाकातून गरम धार ओठावर आली. झेर्वेने पट्टा सोडला नाही. दुसरी मूठ डोळ्यावर बसली, तिसरी पुन्हा नाकावर. तोंड चुकवायला त्याने मान वळवली असती तर पट्टा सैल पडला असता, म्हणून त्याने मान वळवली नाही. खुर्च्यांमागून कोणी सोडवायला आले नाही.

"अरे, कोणीतरी धरा त्याला!" रोलांद ओरडली.

दार मोडले. टेबल उलटून बाजूला गेले आणि पोलीस आत घुसले. ढाली, दंडुके, हेल्मेटच्या काचेमागे घामाने भिजलेली तोंडे.

"हात वर! सगळ्यांनी हात वर!"

माणसांनी हात वर केले. झेर्वेने केले नाहीत.

"ए, तू! हात वर, ऐकू येत नाही?"

"येतंय," झेर्वे म्हणाला. त्याच्या तोंडात रक्त भरले होते, त्यामुळे ते कोणाला कळले की नाही कोण जाणे. पहिला दंडुका खांद्यावर पडला. पट्टा बोटांतून एक इंच सरकला, आणि मार्सियालच्या मनगटातून धार उडून पोलिसाच्या बुटावर पडली. झेर्वेने पट्टा पुन्हा ओढला, मुठीला दोन वेढे दिले आणि डोके मार्सियालच्या छातीवर टेकून दुसऱ्या दंडुक्याची वाट पाहिली.

"अहो, रक्त धरून बसलाय तो!" रोलांद ओरडत होती. "डोळे आहेत का तुम्हाला? रक्त धरून बसलाय!"

मार्सियालची मूठ अजून त्याच्या पाठीवर पडत होती, पण आता हळूहळू, आणि तिच्यात जोर राहिला नव्हता.